दुखण्याचं फाटक
डॉक्टरमावशीच्या पेटीतून



उचकीवरचा लेख छापून आला आणि तुमच्या पत्रांचा नुसता पाऊस पडला! उचकी थांबवायचे इतके उपाय तुम्ही कळवलेत, की ते वाचता वाचता मलाच उचकी लागली. ती मजा पुढे कधीतरी. आज मात्र त्या गठ्ठ्यातलं एक पत्र मी वेगळं काढून ठेवलंय. आधी ते वाचा.

“प्रिय डॉक्टरमावशी, सा. न.

मी आठवीत आहे. माझं नाव छापू नका. दीड वर्षापूर्वी माझे बाबा स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय घोट्यात मोडला. प्लॅस्टर घातलं, काढलं. हाड जुळलं. एक्स-रे चांगला आहे. पण बाबांचा पाय अजून दुखतो. नुसता दुखत नाही, आग आग होते म्हणतात. चादर लागली तरी कळवळतात. पंखा मोठा करू देत नाहीत. मी घरात धपधप चालले तरी ओरडतात. धाकटा काका म्हणतो, हाड जुळलंय तर दुखेल कसं? कामावर जायला नको म्हणून हे सगळं चाललंय. परवा मीसुद्धा चिडून म्हणाले, ‘बाबा, तुमचं रोजचंच नाटक आहे.’ बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी कागदावर ‘सीआरपीएस’ असं लिहिलंय. खूप औषधं झाली. आता ते म्हणतात, पाठीत एक मशीन बसवून बघू. ते कण्याजवळ वीज सोडतं म्हणे. आजी रडते. म्हणते, कण्यात वीज सोडल्यावर माणूस उठेल का?

डॉक्टरमावशी, बाबा खरं बोलतात का? मशीन बसवलं की ते बरे होतील का? फेब्रुवारीत गॅदरिंगमध्ये माझा नाच आहे. ते येतील का?”

पत्र इथे संपलं. खाली सही नाही, पण शाई दोन ठिकाणी पसरली आहे.

पत्रावरून इलाज सांगायचा नाही, हा आपल्या पेटीचा पहिल्यापासूनचा नियम. तो मी आजही मोडणार नाही. पण बाळ, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नियम आडवा येत नाही. हो, तुझे बाबा खरं बोलताहेत.

हे मी कशावरून म्हणते? चला, दीडशेहून जास्त वर्षं मागे जाऊ.

बुटात पाणी ओतणारे शिपाई

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात मोठं यादवी युद्ध झालं. उत्तरेकडची राज्यं एका बाजूला, दक्षिणेकडची दुसऱ्या बाजूला. फिलाडेल्फिया शहरात नसांना इजा झालेल्या शिपायांसाठी एक खास रुग्णालय होतं. तिथे डॉ. सायलस वेअर मिचेल नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्यासमोर एक विचित्र गोष्ट यायला लागली. गोळी लागून गेलेली, जखम भरून आलेली, वरून बघायला काही नाही. आणि तरी शिपाई म्हणायचे, हाताला आग लागलीय, पायाला आग लागलीय. हे भित्रे लोक नव्हते हं! तोफांसमोर उभे राहिलेले गडी होते.

त्यांना काय काय सहन होत नव्हतं, ते मिचेल यांनी नीट लिहून ठेवलंय. वर्तमानपत्राची सळसळ. वाऱ्याची झुळूक. वॉर्डातून कुणी चालत गेलं तर त्याच्या पावलांनी होणारी थरथर. बाहेर वाजणाऱ्या लष्करी बँडचा हादरा. काही जण तर बुटात पाणी ओतून ठेवायचे. का? तर कोरडा बूट त्वचेला घासला की जीव जायची वेळ यायची.

आता परत एकदा ते पत्र वाचा. चादर. पंखा. धपधप पावलं. फिलाडेल्फियाच्या त्या शिपायांना कुणी पढवलं नव्हतं, आणि या मुलीच्या बाबांनी मिचेल यांचं पुस्तक वाचलेलं असायचं काही कारण नाही. तरी दोघंही एकच गोष्ट सांगताहेत. नाटक करणारी माणसं एवढं जुळवून कशी सांगतील?

मिचेल यांनी त्या आगीला वेगळं नाव दिलं होतं. आज या जातीच्या दुखण्याला ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, म्हणजे पत्रातलं ते ‘सीआरपीएस’, असं म्हणतात. कधी ते नसेला इजा झाल्यावर होतं, तर कधी साधं हाड मोडल्यानंतरही होतं.

घंटा आणि दोरी

“पण मावशी, जखमच नाही तर दुखेल कसं?” असं तुम्ही विचारणार, हे मला ठाऊक आहे. काकाचाही प्रश्न तोच आहे. आणि तो मुळीच वेडगळ नाही. शेकडो वर्षं मोठमोठ्या विद्वानांना तसंच वाटत होतं.

फ्रान्समध्ये रने देकार्त नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर, 1664 मध्ये फ्रेंच भाषेत छापलेल्या त्याच्या पुस्तकात एक चित्र आहे. एक मुलगा विस्तवाजवळ पाय घेऊन बसलाय आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलाय. देकार्तचं म्हणणं साधं होतं. देवळात आपण घंटेची दोरी खाली ओढतो आणि वर घंटा वाजते ना, तसंच हे. पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि डोक्यात घंटा वाजते. दोरी जोरात ओढली तर घंटा मोठ्यांदा. दोरी ओढलीच नाही तर घंटा गप्प.

पटतं की नाही? पण थांबा. कबड्डी खेळताना तुमचा गुडघा कधी सोलवटलाय? खेळ रंगात असतो तोवर पत्ताच नसतो. सामना संपतो, कुणीतरी म्हणतं, “अरे, रक्त बघ!” आणि मग कुठे गुडघा ठणकायला लागतो. म्हणजे दोरी ओढली गेली होती, पण घंटा वाजली नाही!

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना मुद्दाम विचारलं, “दुखतंय का? औषध हवं का?” 1946 मध्ये त्यांनी ते छापलं. त्यातल्या फक्त एक-चतुर्थांश सैनिकांनी औषध मागितलं होतं. जखम मोठी, दुखणं कमी!

आणि याच्या बरोबर उलट, मिचेल यांचे शिपाई. जखम बरी, दुखणं अफाट. काहींचे तर पाय कापावे लागले होते, आणि जो पाय उरलाच नाही तोही त्यांना दुखायचा. म्हणजे दोरी नाही, आणि घंटा मात्र वाजतेच आहे.

तुमच्या दाराची बेल कधी अडकून बसलीय का? बाहेर कुणीही नसतं, पण बटण आत रुतून बसलेलं असतं आणि घरभर ट्रिंगऽऽ सुरूच. घरातल्या माणसांना ऐकू येणारा आवाज खोटा असतो का? आवाज खराच असतो. बाहेर कुणी नसतं, एवढंच. फार दिवस चाललेल्या दुखण्यात पुष्कळदा असंच होतं. दुखणं हा जखमेचा निरोप असतो, पण कधी कधी निरोप नेणारी यंत्रणाच बिघडते. मग जखम बरी झाली तरी निरोप येतच राहतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. निरोप दिसत नाहीत.

आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. काही दुखणी जातच नाहीत, मुक्कामच ठोकतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा परत परत येणाऱ्या वेदनेला डॉक्टर ‘जुनाट वेदना’ म्हणतात.

आई फुंकर का घालते?

आता थोडा प्रयोग. करायला अगदी सोपा, आणि बहुतेक तुम्ही तो आधीच केलेला असेल.

टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर आपटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? दुसऱ्या हातानं तिथे जोरजोरात चोळतो. लहान बाळ पडलं की आई तिथे हात फिरवते, फुंकर घालते, जमिनीला ‘हात् रे’ करते. आणि बाळ गप्प होतं! शिकवावं लागत नाही कुणाला. पण चोळल्यानं का बरं वाटतं?

आपल्या नसांमध्ये निरोप नेणारे अनेक तंतू असतात. काही जाड, काही बारीक. स्पर्श, दाब, थरथर यांचे निरोप जाड तंतू नेतात, आणि ते भन्नाट धावतात. सेकंदाला 35 मीटरहून जास्त, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे! दुखण्याचे निरोप नेणारे तंतू त्यांच्यापेक्षा बारीक. त्यातले सगळ्यात बारीक तर सेकंदाला जेमतेम एखादा मीटर जातात, आपण रमतगमत चालतो तसे. पुढच्या वेळी पायाला ठेच लागली (मुद्दाम लावून घेऊ नका हं!) तर लक्ष द्या. आधी चटकन एक कळ जाते, आणि साधारण सेकंदभरानं मागून ठणका येतो. कळ आणणारे तंतू थोडे जाड, ठणका आणणारे अगदी बारीक. म्हणून ठणका उशिरा पोचतो.

हे सगळे निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतात. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडे जाणारी मोठी केबलच. मोठ्या माणसात साधारण 45 सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड.

1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे इंग्रज शास्त्रज्ञ, या दोघांनी मिळून एक नवी कल्पना मांडली. ते म्हणाले, मज्जारज्जूत निरोप शिरतात तिथे जणू एक फाटक आहे. रेल्वेच्या फाटकासारखं. (खरं लाकडी फाटक नव्हे, पेशींचं.) जाड तंतूंवरून निरोपांची गर्दी झाली की हे फाटक बंद होऊ लागतं आणि बारीक तंतूंचे निरोप अडकतात. म्हणून चोळलं की दुखणं कमी होतं! शिवाय वरून मेंदूही फाटकाला हुकूम सोडतो. खेळात दंग असाल तर म्हणतो, “लाव रे फाटक, आत्ता वेळ नाही.” घाबरला असाल, एकटे असाल, तर फाटक सताड उघडं.

या कल्पनेतले बरेच बारकावे पुढे बदलावे लागले. शास्त्रात असं होतच असतं. पण मुख्य गोष्ट टिकली. वेदनेची घंटा सरळ दोरीला बांधलेली नाही. वाटेत तिचा आवाज कमी-जास्त होतो. आणि असं असेल, तर तो मुद्दाम कमी करता येईल का?

माशापासून मशीनपर्यंत

वेदनेवर विजेचा उपाय ही कल्पना मात्र नवी नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं लिहून ठेवलंय, की पायाच्या सांध्यांची सूज ठणकू लागली तर समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली धरून उभं राहावं. पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईपर्यंत! टॉर्पेडो मासा अंगातून विजेचा झटका देतो. वीज म्हणजे काय हे त्या वैद्याला माहीत नव्हतं, पण गुण येतो हे त्यानं पाहिलं होतं.

आता एकदम 1967 मध्ये या. पॅट्रिक वॉल आणि विल्यम स्वीट या दोघांना फाटकाची कल्पना माणसावर तपासायची होती. त्यांनी पहिला प्रयोग कुणावर केला असेल? स्वतःवरच! गालाच्या नसेत सुईसारखे इलेक्ट्रोड घालून त्यात अगदी सौम्य वीज सोडली. झिणझिण्या आल्या, आणि त्या येत असताना टोचलेलं कमी दुखलं. मग त्यांनी रुग्णांवर हा उपाय करून पाहिला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात नॉर्मन शिली नावाच्या मेंदूच्या सर्जननी पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं असं : एकेका नसेच्या मागे कशाला लागायचं? सगळ्या जाड तंतूंचे जुडगे मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. तिथेच हलकी वीज दिली तर? टॉमस मॉर्टिमर नावाच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं त्यांना उपकरण बनवून दिलं. आधी मांजरांवर प्रयोग झाले. मग 1967 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं तळमळणाऱ्या 70 वर्षांच्या एका गृहस्थांना ते बसवलं. त्यांचा कॅन्सर बरा होणार नव्हताच आणि ते थोड्याच दिवसांत वारले. पण वीज सुरू असताना त्यांची वेदना कमी झाली होती.

या उपचाराचं नाव ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन’. सोप्या भाषेत, मज्जारज्जूला हलकेच जागं ठेवणं.

आणि इथे एक गंमत लक्षात आली का? पत्रातल्या बाबांचा पाय चोळून चालणार नाही, कारण तिथे साधा स्पर्शच आग होऊन बसलाय. हे मशीन पायाला हातही न लावता, वरच्या वर, कण्याजवळून चोळल्याचं काम करतं.

आजीसाठी

आजी, आता तुमच्याशी बोलते. तुमची भीती अगदी साहजिक आहे. पण कण्यात वीज सोडतात म्हणजे घरातल्या बोर्डावरची वीज नव्हे. हृदयाचा पेसमेकर तुम्ही ऐकला असेल. हे मशीन त्याचंच भावंड. छोटी बॅटरी, आणि तिला जोडलेली मऊ, बारीक तार. तारेच्या टोकाला धातूचे इवलेसे तुकडे असतात, बहुधा आठ. ही तार मज्जारज्जूत खुपसत नाहीत. मज्जारज्जूवर एक जाड आवरण असतं, आणि ते आवरण व मणका यांच्यामध्ये थोडी पोकळी असते. तिथे सुईतून ती सरकवतात, पडद्यावर एक्स-रे बघत बघत.

पुष्कळदा त्या वेळी जागेपुरतीच भूल देऊन रुग्णाला जागं ठेवतात. डॉक्टर विचारतात, “मुंग्या कुठे येताहेत? मांडीत? अजून खाली? आता घोट्यात?” जिथे आग होते तिथे मुंग्या आल्या की तार बरोबर जागी बसली. (नव्या तऱ्हेच्या काही मशीनमध्ये वीज सेकंदाला दहा हजार वेळा जाते आणि मुंग्या येतच नाहीत.)

आणि सगळ्यात चांगली गोष्ट, हे मशीन आधी ‘वापरून बघायला’ मिळतं. पहिले काही दिवस, साधारण आठवडाभर, बॅटरी शरीराबाहेरच ठेवतात, पट्ट्याला अडकवून. घरी जायचं, चालायचं, झोपायचं आणि रोज वहीत लिहायचं, दुखणं किती. वेदना निम्म्यानं तरी कमी झाली तरच पुढचं ऑपरेशन. नाही झाली, तर तार ओढून काढतात आणि विषय संपला. जमलं, तर काडेपेटीएवढी बॅटरी कमरेखाली किंवा पोटाजवळ कातडीखाली बसवतात. रिमोटनं वीज कमी-जास्त करता येते. काही बॅटऱ्या मोबाइलसारख्या चार्ज कराव्या लागतात, फक्त वायर न खुपसता, कातडीवरूनच.

धोका अजिबात नाही का? आहे. जखमेत जंतू शिरू शकतात. तार जागेवरून सरकू शकते, आणि मग पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. मज्जारज्जूला इजा होणं फार विरळ, पण डॉक्टर त्याचीही कल्पना देतात. खर्चही थोडाथोडका नाही, काही लाखांत जातो. म्हणून सही करण्याआधी सगळं विचारून घ्या. न लाजता.

बाबा बरे होतील का?

बाळ, आता तुझा दुसरा प्रश्न. खरं तेच सांगते.

नेदरलँड्समध्ये तुझ्या बाबांसारख्याच दुखण्याच्या 54 रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो 2000 मध्ये छापून आला. 36 जणांसाठी मशीन आणि व्यायाम दोन्ही ठरवले, 18 जणांना फक्त व्यायाम. त्या 36 पैकी 24 जणांना चाचणीत गुण आला, म्हणून त्यांनाच मशीन बसवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर, 10 पैकी मोजायचं झालं, मशीनच्या गटाची वेदना सरासरी 2.4 नं उतरली होती. नुसत्या व्यायामाच्या गटाची उतरली नव्हती. पण पाच वर्षांनी दोन्ही गटांतला फरक बराचसा पुसला गेला. तरीही मशीन बसवलेल्यांपैकी 95 टक्के लोक म्हणाले, एवढाच गुण येणार असेल तरी आम्ही परत बसवून घेऊ!

याची दुसरी बाजूही ऐक. पाठीच्या ऑपरेशननंतर दुखत राहिलेल्या 50 रुग्णांवर नॉर्वेत अभ्यास झाला. तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मशीन बसवलं, पण ते कधी सुरू ठेवलं, कधी गुपचूप बंद. मुंग्या न येणारी वीज असल्यानं सुरू आहे की बंद, हे रुग्णांना कळत नव्हतं. दोन्ही वेळच्या त्रासात म्हणावा असा फरक दिसलाच नाही. म्हणून कुठल्या दुखण्याला हे मशीन खरोखर उपयोगी आणि कुठल्या नाही, यावर डॉक्टरांमध्ये आजही जोरदार वाद चालू आहेत.

थोडक्यात, हे जादूची कांडी नाही. हे मशीन दुखणं पुसून टाकत नाही, गुण आला तर ते खाली आणतं. आता 10 पैकी 8 चं 5 झालं तर काय होतं सांगू? सलग झोप लागते. चप्पल घालता येते. दुकानापर्यंत जाऊन येता येतं. लांबून बघणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि चाचणीत गुण आला नाही, तर? तर बाबा खोटं बोलत होते असं मुळीच ठरत नाही. हे काकालाही सांग. नेदरलँड्सच्या त्या 36 पैकी 12 जण चाचणीतून पुढे गेले नाहीत. त्यांचं दुखणंही खरंच होतं. त्यांच्यासाठी हे मशीन नव्हतं, इतकंच.

तू काय करू शकतेस?

वेदना मोजणारा थर्मामीटर अजून कुणी बनवलेला नाही. डॉक्टरांजवळही एकच साधन आहे, विचारणं. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं लिहिली. तिच्यासोबत त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की माणूस स्वतःच्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखावा. ‘आधी एक्स-रे दाखव’ असं नाही म्हटलं!

म्हणून तू घरी एक करून बघ. रोज संध्याकाळी बाबांना विचार, “आज किती? शून्य ते दहा?” ते सांगतील तो आकडा वहीत लिही. शेजारी त्या दिवशी काय जमलं तेही लिही. ‘अंगणात दोन फेऱ्या.’ ‘जेवायला खाली बसले.’ मशीनची चाचणी होईल तेव्हा ही वही डॉक्टरांना खूप उपयोगी पडेल. पण खरं सांगू, तिचा पहिला उपयोग डॉक्टरांना नाहीच. आकडा विचारणारं माणूस घरात आहे, हे बाबांना रोज कळेल.

आणि ते ‘नाटक’ म्हणालीस त्याचं? तू वाईट मुलगी नाहीस. दीड वर्ष घरात पंखा बारीक ठेवून, चवड्यांवर चालून कुणीही कंटाळेल. दुखणं एकाच्या पायात असतं, पण राहतं सगळ्या घरात. बाबांजवळ बसून एवढंच म्हण, “बाबा, मी तेव्हा चुकले. तुम्हाला दुखतं ते मला पटलंय.” त्यांना काय वाटेल, ते तुला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.

गॅदरिंगचं मी सांगू शकत नाही, कारण गर्दीत, ढोल-ताशात बसणं त्यांना जड जाईल. पण समज, नाही जमलं, तर आदल्या दिवशी घरात नाच करून दाखव. पायांत चाळ बांधू नकोस, आणि सतरंजी दुहेरी अंथर.

आईबाबांसाठी दोन ओळी. घरात कुणाचं दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं, तर ‘सहन करा’ म्हणत बसू नका. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आता वेदनेचे वेगळे दवाखाने असतात. तिथे औषधं, व्यायाम, मनाला आधार आणि गरज पडलीच तर असं मशीन, या क्रमानं विचार होतो. मशीन पहिल्याच भेटीत कुणी पुढे केलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. आणि मूल ‘पोटात दुखतं’ म्हणालं, तर शाळा बुडवायचा बहाणा ठरवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, कुठे आणि किती?

आणि तुम्हा सगळ्यांना ताकीद! वॉल आणि स्वीट यांनी स्वतःवर विजेचा प्रयोग केला म्हणून तुम्ही करायचा नाही. ते आयुष्यभर त्याचा अभ्यास केलेले लोक होते. घरातला बोर्ड, चार्जर, बॅटऱ्या यांच्याशी खेळ नको. आजीच्या गुडघ्याला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पट्ट्या चिकटवून मुंग्या आणणारं यंत्र लावतात ना, ते याच मशीनचं धाकटं भावंड. ते लांबूनच बघा आणि तिथल्या ताईला प्रश्न विचारून भंडावून सोडा.

तुम्ही करायचा प्रयोग एवढाच. या आठवड्यात घरी किंवा वर्गात कुणी “दुखतंय” म्हणालं, तर “काही होत नाही रे” असं न म्हणता विचारा, “कुठे? किती?” मग काय झालं ते मला कळवा. पत्त्याच्या कोपऱ्यात ‘डॉक्टरमावशीची पेटी’ लिहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात भेटू. विषय : मुंग्या येतात म्हणजे नक्की येतं काय?

तुमची,
डॉक्टरमावशी